सासूच्या उतारावरचा पाहुणा

१

एशिमच्या गोष्टीतलं निम्मं वजा करून ऐकायचं, अशी आमच्या खोऱ्यात रीत आहे. त्याने मारलेले लांडगे खरे धरले तर साऱ्या किरगिझ मुलखात आज लांडग्याचं शेपूटही उरलं नसतं. ही गोष्ट मात्र तो सांगत नाही. कुणी विषय काढला की उठतो आणि चुलीत कोळसा घालत बसतो, चूल लालभडक असली तरी. सांगतो तो त्याचा जोडीदार तोलोगोन, आणि त्या बिचाऱ्याला गोष्ट रचता येत नाही, हे त्याच्या बायकोलासुद्धा मान्य आहे.

एशिमची नोकरी तशी बसल्या जागची. खिंडीच्या अलीकडे दगडी चौकी, आत दोन खोल्या, बाहेरच्या आणि आतल्या दाराच्या मध्ये बूट झटकण्यापुरती पडवी. खिडकीत तिपाईवर दुर्बीण. खिडकीसमोर अरुंद ओढा आणि ओढ्यापलीकडे बर्फाचा उभा उतार, पार धारेपर्यंत गेलेला. या उताराला सगळे सासू म्हणतात. ती दिवसच्या दिवस मुकाट असते आणि मग एखाद्या पावलाचं निमित्त होऊन सगळीच्या सगळी अंगावर येते. हिवाळ्यात तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. गवत पिवळं असतानाच एशिम वर जाऊन लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या रोवून येतो आणि मग रोज सकाळी दुर्बिणीतून पट्टे बघून, बर्फ किती चढलं ते वायरलेसवरून तालुक्याच्या कचेरीला कळवतो. त्यावर खालचा रस्ता उघडा ठेवायचा की बंद, ते ठरतं.

त्या सकाळी त्याने नेहमीसारखा डोळा लावला, तर सगळ्यात वरच्या काठीच्या जरा डावीकडे आणखी एक काठी उभी होती. काळपट. पट्टे नसलेली.

"तोलोगोन, तू वर काही रोवून आलायस का रे?"

तोलोगोन बटाटे सोलत होता. आपण सासूच्या वाटेला जातो ते फक्त सणासुदीला, तेही गावातल्या, असं तो म्हणाला.

एशिमने काच पुसली. काठी तिथेच. बकरा असेल म्हणावं तर हलत नाही, झुडूप म्हणावं तर तिथे दगडाशिवाय काही उगवत नाही. राहिला माणूस. आणि माणूस म्हटल्यावर त्याची जीभ गप्प कशी राहणार? आमच्याकडे लांबून कुणी दिसला, मग तो वैरी का असेना, त्याला चहाला बोलवायचं. त्याने छातीवर हात ठेवून 'झाला, झाला' म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. बोलावणं हे आपलं काम, नाही म्हणणं हे त्याचं. निव्वळ तोंडदेखलं असतं, पण न बोलावणाऱ्या माणसाला लोक मेल्यावरही नावं ठेवतात.

एशिमने खिडकी उघडली, हात उंचावला आणि सासूच्या दिशेने खणखणीत आवाज दिला, "चहा प्यायला या!"

आणि स्वतःच हसला. तोलोगोनही हसला. थंड हवेत तो आवाज ओढा ओलांडून गेला. पलीकडून 'झाला' म्हणणारं कुणी नव्हतं.

२

दुपारी दोघे चौकीमागच्या लहान उतारावर खड्डा खणायला गेले. सासूचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला या उताराचंही, पण उंचीने एवढासा. त्याच्या पोटात जे असतं तेच तिच्याही पोटात असतं. कमरेएवढं खणलं, फावड्याने भिंत सपाट कापली आणि एशिमने हातमोजा काढून बोटं फिरवली. वर वाऱ्याने थापून थापून केलेली टणक फळी. तिच्याखाली बर्फ हाताला लागत नव्हतं, निसटत होतं. अगदी तळाशी, गवताला चिकटून, जाडी साखर. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेलं आणि महिनाभर थंडीत सडलेलं बर्फ असं होतं. दाणा दाण्याला धरत नाही. मूठ वळली तर मुठीतून गळून जातं.

तोलोगोनने फळीवर फावडं ठेवून वरून हलकेच थापट मारली. दुसरी मारायच्या आत फळी सुटली आणि त्यांच्या गुडघ्यांवर येऊन बसली.

"ससा धावला तरी उतरेल," तोलोगोन म्हणाला.

वरच्या बाजूला नाही उतरणार, असं एशिमचं मत होतं. वर फळी जाड आहे, माणसाचं वजन साखरेपर्यंत पोचत नाही. पण खाली, शेवटच्या काठीपाशी, खडक डोकं वर काढतात तिथे फळी पापुद्र्याएवढी आहे. तिथे पाय पडला की संपलं.

दोघांचीही नजर ओढ्याकडे गेली. चौकीला यायची एकच वाट आहे आणि ती ओढ्याकाठाने, बरोबर सासूच्या पायथ्यातून येते. आणि एशिमची बायको बुरुल, जी चौकीवर स्वयंपाक करते आणि दोघांवर हुकूमतही चालवते, ती बहिणीच्या बाळाला पाळण्यात घालायला गावी गेली होती. परवा ती परत येणार होती.

३

रात्री बर्फ पडलं. सकाळी काठ्या चांगल्याच बुडाल्या होत्या, वरचीचा तर नुसता टोकाचा लाल पट्टा दिसत होता. काळी काठी मात्र काल दिसत होती तेवढीच दिसत होती. काल वरच्या काठीशेजारी होती. आज मधलीच्या शेजारी.

एशिमने दुर्बिणीवरून डोळा काढला, पुन्हा लावला. मग त्याने स्वतःला समजवायला घेतलं. बर्फ उतारावरून मुंगीच्या पावलाने सरकत असतं, हे त्याला ठाऊक होतं. सरकणाऱ्या बर्फाबरोबर काठीही खाली येणारच. पण मग इतर काठ्या का नाही सरकल्या? त्या जमिनीत रोवल्यात. मग ही कशात रोवली आहे? बर्फात. मग ती बुडली का नाही? इथे त्याचं डोकं चालायचं थांबलं आणि त्याने तोलोगोनला हाक मारली.

तोलोगोनने बराच वेळ बघितलं. मग दुर्बिणीच्या तोंडावर टोपण लावलं, जणू ते रोजचंच काम असावं.

"बाइके," तो थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "आधी चहा घेऊ."

चहा झाला. वारा पडला होता. एरवी अशा शांततेत चुलीचा आवाज तेवढा असतो. पण त्या दिवशी दोघांनाही आणखी एक आवाज ऐकू येत होता आणि दुसऱ्याला येतोय की नाही ते कुणी विचारत नव्हतं. ओढ्यापलीकडून, बऱ्याच अंतराने, एक दबका हुंकार. फार मोठ्या गादीवर कुणीतरी अलगद टेकावं तसा. बर्फाची फळी आतल्या आत बसते तेव्हा असा आवाज होतो, हे एशिमने कित्येकांना शिकवलेलं. फळी का बसते तेही शिकवलेलं. तिच्यावर वजन आलं की बसते.

४

वायरलेसवर तालुक्याच्या कचेरीतली गुलबारा होती. खोऱ्यातला कुणी शिकारी हरवलाय का, असं एशिमने विचारलं. कुणी हरवलं नव्हतं. कुणी परदेशी, स्कीवाले? तेही नव्हते. मग त्याने जे दिसलं ते सांगितलं आणि पलीकडे गुलबारा मनसोक्त हसली. मागच्या वर्षी एशिमच्या अस्वलाने चौकीचं दार वाजवून मीठ मागितलं होतं, ते कचेरीत अजून कुणी विसरलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने वनरक्षकाच्या घरी हाक लावली. खोऱ्यातलं ते शेवटचं घर. बुरुल तिथवर येऊन पोचली होती. सकाळी निघते, तिचा आवाज खरखरत आला, पीठ आहे, कांदे आहेत, तुमच्या त्या यंत्राची नवी बॅटरी आहे, आणि पाठ माझी आहे.

"निघू नकोस," एशिम म्हणाला. "सासू भरलीये. मी सांगेपर्यंत उंबरा ओलांडू नकोस. ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. सासवा भरलेल्याच असतात, असं म्हणाली, पण थांबते म्हणाली. पुढे काही बोलायला एशिमने तोंड उघडलं तोच यंत्रावरचा हिरवा दिवा मंदावला आणि विझला. तोलोगोनने बॅटरी चुलीजवळ ठेवली, चोळली, तिला दोन शिव्या दिल्या. ती मेली ती मेलीच.

काही बिघडलं नाही, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं. बोलायचं ते बोलून झालं होतं. बुरुल एकदा थांबते म्हणाली की थांबते. एशिम निर्धास्त झोपलासुद्धा.

५

सकाळ लख्ख होती. टोपण काढायची एशिमची हिंमत होईना, म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी खिडकीतून बघत उभा राहिला आणि बघता बघता त्याच्या हातातली भाकरी खाली पडली.

ओढ्याकाठच्या वळणावरून एक ठिपका येत होता. लाल रुमाल, पाठीवर पोतं, पायात घोड्याचं कातडं लावलेल्या स्की. एक पाऊल, दुसरं पाऊल, मध्येच थांबून पोतं नीट करणं. ही चाल तो शंभर बायकांत ओळखेल.

त्याने टोपण उडवलं. दुर्बीण सासूवर फिरवली. वरची काठी, मधली काठी, आणि मग खडकांच्या जरा वर, पापुद्र्याच्या काठावर, ते होतं. इतक्या जवळून प्रथमच नीट दिसलं. काठीला खांदे नसतात. आपल्याला पाठ दिसते आहे, हे एशिमच्या तेव्हा लक्षात आलं. उभ्या उतारावरून शहाणा माणूस जसा उतरतो, तोंड बर्फाकडे करून आणि पाय मागे चाचपत, तसं ते उतरत होतं. हलताना ते दिसत नव्हतं. पण पापणी मिटून उघडली की थोडं खाली असायचं.

"कुठे निघालंय ते?" तोलोगोन पुटपुटला.

एशिमला ते पक्कं ठाऊक होतं. "चहा प्यायला," तो म्हणाला.

बुरुल सासूच्या पदराखाली शिरली. ओरडावं, तर ती थांबून वर बघेल, आणि थांबायची जागा ती नव्हेच. पळत जावं, तर तिथे पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाईल आणि पुरायला एकाऐवजी दोघे होतील. बोलावणं मागे घ्यावं? आमच्या खोऱ्यात चोराला माफी आहे, घोडे पळवणाऱ्यालाही आहे, पण दिलेलं बोलावणं मागे घेतलेला माणूस अजून जन्मला नाही. एशिम तो पहिला व्हायलाही तयार होता. पण नको म्हटलेला पाहुणा जागच्या जागी पाय आपटतो, आणि तिथे पाय आपटून चालणार नव्हतं.

मग त्याने जे केलं ते कुठल्याही यजमानाने केलं असतं. वाट चुकलेल्या पाहुण्याला वाट दाखवली.

खिडकी उघडून तो कमरेपर्यंत बाहेर आला. आवाज चढवला नाही, पलीकडच्या अंगणात ऐकू जावा इतपतच काढला. "पाहुणे, तिथून नका येऊ. वाट वाईट आहे. मागे फिरा, धारेवरून या. धार ओढ्याच्या वरून वळसा घेऊन थेट आमच्या दाराशी येते. चूल पेटलेली आहे, सावकाश या."

तोलोगोनने त्याचा कोट मागून घट्ट धरला. "बाइके, घरी बोलावताय त्याला?"

एशिम आत आला होता आणि त्याचा डोळा पुन्हा दुर्बिणीला होता. त्या खांद्यांवरचं डोकं हळूच वळलं.

एशिमने डोळा काढला. तोलोगोन पुढे सरसावला आणि त्याने बघितलं तोवर खडकांपाशी कुणी नव्हतं. उतार कोरा होता. मग त्याला वाटलं की पार वर, धारेच्या कडेला, काहीतरी काळपट क्षणभर उन्हात आलं आणि पलीकडे गेलं.

"कसं होतं तोंड?" त्याने विचारलं.

एशिमने खिडकी लावून घेतली. बराच वेळ तो कडी लागत नसल्यासारखा तिच्याशी खेळत राहिला.

"दमलेलं," तो म्हणाला.

६

बुरुल आत आली ती भांडतच. दोन दांडगे पुरुष खिडकीत उभे राहून गंमत बघतात आणि बाई पोतं वाहते, हे तिने पडवीपासूनच सुरू केलं होतं. एशिमने तिला पोत्यासकट कवटाळलं. असं त्याने लग्नातसुद्धा केलं नव्हतं, त्यामुळे ती गप्प झाली.

त्याच क्षणी बाहेर तो हुंकार झाला. या वेळी दबका नाही, घराच्या भिंतीतून पायांत शिरणारा. सासूच्या अंगावर डावीकडून उजवीकडे एक रेघ उमटली आणि तिच्याखालचं सगळं, खडकांवरून, काठ्यांसकट, निघालं. खिडकी पांढरी झाली. फडताळातल्या बशा किणकिणल्या. पांढरं विरलं तेव्हा बुरुलने काढलेली स्कीची वाट नव्हती, ओढाही नव्हता. तिथे घराएवढाली ढेकळं होती.

ते बघून बुरुल खाली चटईवर बसली. रुमाल सोडला. मग तिला राग आला, कारण तेच तिला जमत होतं. "निघू नकोस म्हणालात आणि मग परत कशाला बोलावलंत?"

"कुणी बोलावलं?"

"तुम्हीच. बोलणं तुटलं त्यानंतर घटकाभराने, त्याच यंत्रावर. वनरक्षकाची बायको साक्षीला आहे. तुमचाच आवाज. 'चहा प्यायला ये.' आणखी काही नाही, एवढंच. म्हटलं उतरली असेल सासू."

तोलोगोनने चुलीजवळ पडलेली मेलेली बॅटरी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि होती तशी ठेवली. बुरुलला काय सांगावं हे दोघे ठरवत होते, इतक्यात मागच्या अंगाला, धारेच्या बाजूला, करकर ऐकू आली. टणक बर्फावर पावलं पडल्याची. ती सावकाश होती. घराला वळसा घालून ती पुढे आली. बाहेरचं दार आमच्याकडे कधीच आतून लावत नाहीत. ते उघडलं आणि मिटलं.

पडवीत कुणीतरी पाय झटकले. थप. थप. घरात शिरण्याआधी कुठलाही रीतीचा माणूस बुटाचं बर्फ झटकतो, तसे.

मग काही नाही. आतल्या दारापलीकडे कुणीतरी 'या' म्हणायची वाट बघत होतं. एशिमच्या घशात तो 'या' येऊन बसला होता. सवयीने तो बाहेर पडेल, या भीतीने त्याने तोंडावर हात दाबून धरला.

बुरुलने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा तोलोगोनकडे. मग उठली. किटलीतला चहा तिने प्याल्यात ओतायला घेतला आणि ओततच राहिली. आमच्याकडे पाहुण्याला प्याला भरून देत नाहीत. तळाशी दोन घोट, ते संपले की आणखी दोन. म्हणजे पाहुणा बसतो, गप्पा होतात, यजमानीण ओतत राहते. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे एवढं प्या आणि निघा. बुरुलने जन्मात कुणाला असा दिला नव्हता. तिच्या नणंदेलासुद्धा नाही, आणि त्या नणंदेला द्यावा असं साऱ्या गावाचं मत आहे.

प्याला इतका भरला की वरचा चहा थरथरत फुगून उभा राहिला. तिने एक थेंब न सांडता तो दारापाशी नेला, दार हातभर उघडलं, पडवीतल्या बाकावर ठेवला आणि खाली मान घालूनच म्हणाली, "घ्या. लांबून आलात."

आणि दार लावलं.

चहा पिण्याचा आवाज आला. गरम चहा थंड माणूस पितो तसा, लांबलचक. मध्ये एकदा उसासा. नंतर बाहेरचं दार, आणि पुन्हा ती करकर, लांब जाणारी. या वेळी ती धारेकडे गेली नाही. खिंडीकडे गेली, जिकडे ना गाव ना चौकी. ती ऐकू येईनाशी झाली तरी तिघे उभेच होते.

७

शेवटी तोलोगोनने दार उघडलं. बाकावर प्याला पालथा घातलेला होता. पुरे झाला, आता नको, असं सांगायला आमच्याकडे पालथा घालतात. पाहुणा रीतीचा होता.

बाहेर पाऊल म्हणावं असं काही उमटलेलं नव्हतं. पण पडवीच्या फळ्यांवर, पाय झटकले होते तिथे, बर्फाचे दोन लहान ढीग होते. एशिम उकिडवा बसला. चिमूट उचलली, बोटांत चोळली. जाडे दाणे, एकमेकांना न धरणारे. धारेवर असलं बर्फ नसतं. कुठल्याच उताराच्या वर नसतं. ते असतं पार तळाशी, गवताला चिकटलेलं, साऱ्या हिवाळ्याच्या खाली.

बुरुलने केरसुणी आणली आणि काही न विचारता ते बाहेर लोटलं.

मग तिने पुऱ्या तळल्या, तिघांनी त्या भुकेल्यासारख्या खाल्ल्या आणि सगळं एकदम हलकं झालं. तोलोगोनला हसू फुटलं ते थांबेना. नणंदेसाठीचा प्याला वहिनींनी कुणावर खर्च केला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि बुरुल त्याला लाटण्याचा धाक घालता घालता स्वतःच हसत होती. एशिमने तिच्या ओल्या मोज्यांची जोडी चुलीवर वाळत घातली. मग काढली, उलटी केली, पुन्हा घातली. त्याला आज तिचे मोजे वाळवण्याचा कंटाळा येत नव्हता.

नवी बॅटरी लावली तेव्हा ऊन कलत होतं. गुलबारा चिंतेत होती. सासूचा धमाका खाली कचेरीपर्यंत पोचला होता.

"उतरली," एशिम म्हणाला. "पूर्ण. गवत दिसतंय. काठ्या गेल्या. रस्ता बंद ठेवा. आम्ही ठीक आहोत."

"चौकीवर कोण कोण आहे?"

"मी, तोलोगोन, बुरुल. आणखी कुणी नाही."

"आणखी कुणी आहे का असं मी कुठे विचारलं?" गुलबारा म्हणाली आणि मग जरा थांबली. "एशिम-बाइके, तुमच्या मागे काहीतरी घरघरतंय."

त्याने मान वळवायला जेवढा वेळ घेतला, तेवढा त्याने आयुष्यात कधीच घेतला नसेल.

चटईवर, चुलीच्या उबेला, पोत्यावर डोकं टेकून बुरुल झोपली होती. तोंड उघडं, एका हातात अजून लाटणं. घोरत होती. वीस वर्षं या घोरण्याने त्याची झोप मोडली होती आणि खोऱ्यातल्या प्रत्येकाला त्याने ते सांगून झालं होतं.

बोलायचं यंत्र त्याने उचललं, तार ताणेल तेवढी ताणली आणि गुडघ्यांवर रांगत जाऊन बायकोच्या तोंडापाशी धरलं. आणि गुलबारा पुरे म्हणाली तरी धरूनच ठेवलं.